अंगठा आपला, माहितीही आपली

आपल्या बचत गटाच्या पेटीला कुलूप असतं. किल्ली कुणाकडे ठेवायची हे आपण बैठकीत ठरवतो. पण आधारची झेरॉक्स, अंगठा, मोबाइल नंबर मात्र कुणी मागितला की देऊन मोकळ्या होतो. या माहितीला कुलूप कसं आलं, ते आज पाहू.

सुरुवात उत्तर प्रदेशात झाली. खरक सिंग यांच्यावर दरोड्याचा आळ आला. पुरावा नाही म्हणून ते सुटले. तरी पोलीस पाळत ठेवत, रात्री घरी येऊन दार ठोठावत. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६२ साली न्यायालयाने रात्री घरी येणं थांबवलं, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे काही मानलं नाही.

पुढे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, एका आदिवासी बाईच्या हाती पडलं. गंमत बघा, आधारचा कायदा झाला २०१६ साली! तोवर कोट्यवधी लोकांनी बोटांचे ठसे देऊनही टाकले होते.

याविरुद्ध २०१२ साली कर्नाटकचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी न्यायालयात गेले. तेव्हा त्यांनी वयाची पंच्याऐंशी ओलांडली होती. सरकारने जुन्या निकालांचा आधार घेऊन सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, आहे! २०१८ साली न्यायालयाने सरकारी योजनांसाठी आधार कायम ठेवलं, पण खासगी कंपन्यांना ते मागू देणारी तरतूद रद्द केली.

मग २०२३ साली डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. माहिती कशासाठी हवी ते सांगून संमती घ्यायची, आणि ती सूचना मराठीतही वाचता आली पाहिजे. दिलेली संमती मागे घेता येते, चुकीची माहिती दुरुस्त करून घेता येते. माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या कायद्यात सरकारला मात्र बऱ्याच सवलती आहेत, त्यावर आक्षेपही घेतले गेले आहेत.

कायदा दिल्लीत झाला, पण अंगठा आपल्या दारात मागितला जातो. कर्ज देणारा असो की सिमकार्ड विकणारा, आपण विचारायचं: दादा, हे कशासाठी? झेरॉक्सवर कारण आणि तारीख लिहायची. जमेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार द्यायचं. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही. आणि एकटीला विचारायला संकोच वाटला, तर गटाने मिळून विचारायचं. पेटीची किल्ली आपण अशीच तर सांभाळली आहे.