घर क्रमांक २१०

संध्याकाळी उज्जैनच्या टावर चौकात माणसे चटकमटक खायला जमतात. मी मात्र घड्याळाच्या मनोऱ्याला वळसा घालून मागच्या गल्लीतल्या कबाड्याकडे शिरतो. निवृत्तीनंतर मला जुन्या संगणकांचे मदरबोर्ड जमवण्याचा नाद लागला आहे. घरी याला ‘पसारा’ म्हणतात, आणि ते काही खोटे नाही.

गेल्या श्रावणात तिथे ३८६चा एक बोर्ड दिसला. कडेची निळी बॅटरी पाझरून तांब्याच्या रेषांवर हिरवी बुरशी चढलेली. या पिढीच्या बोर्डांचे हे ठरलेले मरण. सोडूनच देणार होतो, पण त्याच्या खाचेत एक कार्ड रुतून बसले होते आणि त्यावर अक्षरे होती : जी, आय, एस, टी. ‘‘साहब, तौल के दे दूँ?’’ मी घासाघीस न करता पैसे दिले.

‘जिस्ट’चा जन्म कानपूरच्या आयआयटीतला. ऐंशीच्या दशकात मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी तिथे भारतीय लिप्या संगणकात बसवण्याच्या मागे लागले होते. १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि हे काम तिकडे आले. ‘परम’ महासंगणकाचे कौतुक आपण सगळ्यांनी वाचले. या कार्डाच्या वाट्याला ते फारसे आले नाही. युक्ती साधी होती. संगणकात अक्षरांना २५६ घरे. पहिली १२८ इंग्रजीची. वरची आपल्या वर्णमालेला द्यायची, आणि ‘क’ला सर्व लिप्यांत एकच घर. तो देवनागरीत दाखवायचा की कन्नडमध्ये, हे कार्ड पाही. १९९१ साली हीच मांडणी ‘इस्की’ नावाने भारतीय मानक झाली. युनिकोडमधली देवनागरीही तिच्याच १९८८च्या आराखड्यावर बेतलेली.

त्या घरांत २०९ला ल राहतो आणि २१०ला ळ.

इथे माझे जुने दुखणे निघते. आमचे आडनाव काळे. ज्या वाचकांचा शेजार कानडी किंवा गुजराती आहे त्यांना हे नवल वाटेल, कारण त्या भाषांत ळ आहे. आमच्या माळव्यात कागदपत्रे हिंदीत, आणि हिंदीच्या रोजच्या लिहिण्यात ळ नाही. म्हणून काळ्यांचे काले झाले, गोळ्यांचे गोले. १९९४ साली अण्णांनी एका कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज दिला. उत्तर मिळाले, ‘‘बाबूजी, कंप्यूटर में ये अक्षर ही नहीं है।’’ अण्णा गणिताचे मास्तर. माणसावर नसेल, पण यंत्रावर त्यांचा विश्वास. गुपचूप परत आले. २००३ साली त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावरही कालेच लिहिले गेले.

बॅटरी कापून काढली, व्हिनेगरने रेषा घासल्या, तरी बोर्ड काही उठला नाही. शेवटी ते कार्ड संग्रहातल्या दुसऱ्या बोर्डात बसवले. त्यात दोन रविवार गेले. इनस्क्रिप्टच्या कळफलकावर शिफ्ट दाबून एन दाबले. पडद्यावर ळ आला, जाडसर, जरा ठोकळेबाज.

मग मी अण्णांचे पूर्ण नाव लिहिले. बायको चहा घेऊन आली होती. पडद्याकडे पाहत ती बराच वेळ उभी राहिली. ‘‘हे कागदावर काढता येईल का हो?’’

त्या काळचा प्रिंटर माझ्याकडे नाही. कबाड्याला सांगून ठेवले आहे.