मोडलेला पाय



जुबिलीच्या दिवशीं देवाचे उपकार आठवतांना आपण बहुधा जें मिळालें तेंच मोजतों. जें गमावलें त्याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. म्हणून ह्या स्मरणिकेंत एका मोडलेल्या पायाची हकीकत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

सन १५२१, मे महिन्याची २० वी तारीख. स्पेन देशांतील पांप्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंचांच्या तोफांचा मारा चालू होता. किल्ला राखणें अशक्य, असें इतर सरदारांचें मत. शरण जाऊं नये, असा आग्रह तिशीच्या इग्नेशियस लोयोला ह्यांचा. इतक्यांत तोफेचा गोळा त्यांच्या पायांमधून गेला. उजवा पाय मोडला, डावाही जखमी झाला. आणि ते पडतांच किल्लाही पडला. शत्रूनेंच मलमपट्टी करून त्यांस डोलींतून घरीं पोंचविलें.

घरीं हाडें वेडींवांकडीं जुळलेलीं आढळलीं. तीं पुन्हां मोडून बसविलीं. गुंगीचें औषध त्या काळीं नव्हतें; परंतु मुठी आवळण्यापलीकडे त्यांनीं वेदना दाखविली नाहीं. मरणसमयींचे साक्रामेंत देण्यापर्यंत पाळी आली. संत पेत्र व संत पौल ह्यांच्या सणाच्या आदल्या रात्रीं उतार पडूं लागला. आणि मग चिंता कसली? तर गुडघ्याखालीं एक हाड वर आलें आहे, आतां डौलदार बूट पायांत चढणार कसा! एवढ्यासाठीं त्यांनीं तें हाड कापून घेतलें, आणि पाय लांबावा म्हणून कित्येक दिवस ताण सोसला. जन्मभर लंगडणें मात्र चुकलें नाहीं.

तें धैर्य खरें होतें. पण त्याचा धनी अहंकार होता. वेळ जाईना म्हणून त्यांनीं शूरांच्या अद्भुत कथा मागितल्या. घरांत एकही सांपडली नाहीं. मिळालीं तीं ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रें. त्या वाचनानें शिपायाचें मन पालटलें. १५२२ सालीं माँत्सेरात येथें त्यांनीं आपली तलवार पवित्र मातेच्या चरणीं ठेविली. पुढें, वयाच्या तेहतिशीच्या सुमारास, बार्सेलोना येथें लॅटिनच्या धड्यांसाठीं ते शाळकरी पोरांबरोबर बसले. ज्यांना बुटाची लाज, त्यांना आतां बांकाची लाज उरली नाहीं!

१५४० सालीं त्यांच्या येशूसंघास पोपसाहेबांची मान्यता मिळाली. त्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, आणि १६१६ सालीं त्यांचें ख्रिस्तपुराण आपल्या मराठींत छापलें गेलें. त्या पायाचें ऋण असें आपल्या भाषेवरही आहे.

उतारवयांत, रोम येथें, संतांनीं आपली कहाणी सांगून लिहविली. स्वतःस ते 'यात्रेकरू' म्हणत. बुटाची गोष्ट त्यांनीं लपविली नाहीं. ती वाचतांना आज आपणांस हसूं येतें, आणि हसतां हसतां आपलेही बूट आठवतात. मुठी आवळणें हें शौर्य खरें. पण आपलाच पोकळ डौल उघड करून दाखविण्यास त्याहून अधिक शौर्य लागतें, असें आम्हांस वाटतें.

आपल्या धर्मग्रामांतही कोणाचा हात गेला आहे, कोणाची दृष्टि, कोणाचा जिवाभावाचा सोबती. अशांस 'देवाची इच्छा' म्हणून घाईनें उपदेश करूं नये. संतांसही महिनेच्या महिने अंथरुणावर काढावे लागले. आपण उशाशीं बसावें, मागितलें तर पुस्तक द्यावें. आणि ज्या दिवशीं ते स्वतः हसतील, त्या दिवशीं त्यांच्यासंगें मोकळेपणानें हसावें.