कादंबरीचें कुळ

कादंबरी हातीं आली कीं ती ऐतिहासिक, सामाजिक कीं प्रादेशिक, हा प्रश्न वाचक आधीं विचारतो; आणि उत्तर बहुधा तिच्या नांवावरून ठरवितो. मराठी कादंबरीचा आरंभच या संवयीविरुद्ध साक्ष देतो. बाबा पदमनजी यांच्या १८५७ सालच्या ग्रंथाचें नांव ‘यमुनापर्यटन’. तथापि त्यास कोणी प्रवासवर्णन म्हणत नाहीं. त्यांतील प्रवासाची वाट बदलली, तरी ग्रंथाचा हेतु ढळणार नाहीं. विधवांची दुःस्थिति वगळली, तर मात्र कांहींच उरणार नाहीं. म्हणून ती सामाजिक कादंबरी. कोणती गोष्ट काढली असतां कथा कोसळते, हीच आमच्या मतें पहिली कसोटी होय.

गुंजीकरांचा ‘मोचनगड’ १८७१ सालीं पुस्तकरूपानें निघाला. त्यांतील गड कल्पित आहे. परंतु शिवकाल काढला तर कथेस पायाच राहत नाहीं. ऐतिहासिक ठरण्यासाठीं प्रत्येक स्थळ व पात्र बखरींत सांपडलेंच पाहिजे असें नाहीं.

आतां डहाणू तालुक्यांतील वरोर या किनाऱ्यावरील गांवावर कोणी कादंबरी लिहिली असें समजूं. समुद्र तींत केवळ सायंकाळच्या शोभेपुरता आला, तर वरोरऐवजीं दुसरें गांव घालूनही चालेल. पण भरती-ओहोटी, मासेमारी आणि शेजारीं वाढवण येथें ज्याची पायाभरणी २०२४ सालीं झाली त्या बंदराची चिंता, यांवांचून पात्रांचे निर्णयच कळत नसतील, तर ती खरी प्रादेशिक कादंबरी.

मात्र एका प्रश्नापुढें ही कसोटी थांबते : मुळांत ग्रंथ कादंबरी आहे काय? हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ मध्यें यमू आपली कहाणी स्वमुखानें सांगते. तरी तें आत्मचरित्र नव्हे. उलट गोदावरी परुळेकरांचें ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हें १९७० सालचें पुस्तक कादंबरीसारखें मनाची पकड घेतें. तरी ती कादंबरी नव्हे. वरोरच्याच तालुक्यांत व तलासरीकडे वारल्यांवर लादलेली वेठ, लग्नाच्या कर्जापायीं राबणारे लग्नगडी आणि १९४५ सालचा उठाव, हें त्यांत प्रत्यक्ष कार्यकर्तीनें सांगितलें आहे. येथें रचना पाहून भागत नाहीं; लेखकानें वाचकास कोणतें वचन दिलें, तें पाहावें लागतें. यमूचें दुःख अनेकींचें असूं शकतें, म्हणून तें खरें वाटतें. वारल्यांची वेठ घडली होती, म्हणून ती खरी आहे.

हा भेद केवळ ग्रंथपालाच्या सोयीचा नव्हे. त्या पुस्तकास कौतुकानें ‘कादंबरी’ म्हटलें, तर वेठ ही लेखिकेची कल्पना ठरते, आणि वाचक हळहळून मोकळा होतो. यास्तव ग्रंथाचें कुळ ठरवितांना आम्ही दोन प्रश्न क्रमानें विचारावे : लेखक घडलेलें सांगत आहे कीं रचलेलें? आणि रचलेलें असेल, तर तें कशाच्या आधारावर उभें आहे?