शतांश सेकंदाचे माप : कोल्हापूर आणि राष्ट्रीय जलतरण

कोल्हापूरच्या क्रीडापरंपरेचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी प्रथम कुस्तीकडे वळते. राजर्षी शाहू छत्रपतींनी तालमींना दिलेला आश्रय, १९१२ साली उभे राहिलेले खासबाग मैदान आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे, राजाराम महाविद्यालयात शिकलेले खाशाबा जाधव, हे सारे लक्षात घेता ते स्वाभाविकही आहे. कुस्तीच्या खालोखाल पेठापेठांतील फुटबॉलला मान मिळतो. जलतरणाच्या वाट्याला मात्र या इतिहासात फार तर दोन-चार ओळी येतात. वास्तविक आशियाई स्पर्धांत भारतीय जलतरणातील चोवीस वर्षांचा पदकांचा दुष्काळ संपवणारा खेळाडू याच शहरात जन्मला, आणि ही नोंद विस्ताराने घेतली जाणे आवश्यक आहे.

या भागात पोहणे ही मुळात स्पर्धेची बाब नव्हतीच. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगमातून तयार होणारी पंचगंगा, शहरालगतचा रंकाळा आणि शिवारोशिवारी खोदलेल्या विहिरी यांमुळे पोहायला येणे हे शेतकऱ्याच्या मुलासाठी रोजच्या जगण्यातले कौशल्य होते. कमरेला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका बांधून मुलाला पाण्यात सोडायचे, आणि त्याला पाण्याचा अंदाज आला की तो आधार काढून घ्यायचा, ही उन्हाळ्याच्या सुट्टीतील सर्वमान्य पद्धत होती. या शिक्षणातून पाण्याची भीती जात असे, दम वाढत असे, सूर आणि मुटका यांत प्रावीण्य येत असे. परंतु ठरावीक अंतर किती वेळात कापले, हा प्रश्न विहिरीच्या काठावर कोणी विचारत नसे. पुढे महापालिकेचे अंबाई टँक आणि रमणमळा यांसारखे तलाव झाले, तेव्हा पाण्याला सरळ भिंत आणि मोजलेली लांबी मिळाली, आणि तेथून पुढे पोहण्याचा संबंध घड्याळाशी जुळला.

राष्ट्रीय जलतरणाचे सारे व्यवहार याच घड्याळावर चालतात. भारतीय जलतरण महासंघाच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा वयोगटांनुसार आणि वरिष्ठ गटासाठी स्वतंत्रपणे होतात, आणि वरिष्ठ गटात राज्यांच्या संघांबरोबर रेल्वे, सेनादले व पोलीस यांचेही संघ उतरतात. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा ही याहून वेगळी असून ती भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या छत्राखाली अनेक खेळांसाठी एकत्र भरते. दोन्हींत निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदला जातो, आणि या मर्यादेलाही इतिहास आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर वैयक्तिक मिडले, म्हणजे चारही प्रकारांनी पोहण्याच्या शर्यतीत, स्वीडनचा गुन्नार लार्सन अमेरिकेच्या टिम मॅकीपेक्षा सेकंदाच्या दोन सहस्रांशांनी पुढे ठरला. परंतु तलावाची प्रत्येक मार्गिका इतक्या सूक्ष्म मापाने सारख्या लांबीची बांधता येत नाही हे ध्यानी आल्यावर सहस्रांश वगळून शतांश हीच निकालाची सीमा ठरवण्यात आली.

त्याच वर्षी त्याच देशात, हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये, कोल्हापूरशेजारच्या सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पूर्ण करून सुवर्णपदक जिंकले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या या जवानाला पद्मश्री मिळण्यास २०१८ साल उजाडावे लागले, आणि हा विलंब दक्षिण महाराष्ट्राच्या क्रीडास्मृतीतील एक मोठी उणीव दाखवतो.

२९ ऑगस्ट १९९१ रोजी कोल्हापुरात जन्मलेले वीरधवल खाडे लहान वयातच राष्ट्रीय पातळीवर चमकू लागले, आणि २००७ च्या गुवाहाटी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी वरिष्ठ जलतरणपटूंना मागे टाकून सुवर्णपदके मिळवली. पुढच्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेल्या भारतीय जलतरणपटूंत संदीप सेजवाल, अंकुर पोसेरिया आणि रेहान पोंचा यांच्याबरोबर त्यांचे नाव होते. तेथे ते ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये उतरले. १०० मीटरमध्ये आपली हीट, म्हणजे प्राथमिक फेरीतील गटाची शर्यत, त्यांनी जिंकली, तरी सर्व गटांच्या वेळा एकत्र लावून निवडल्या जाणाऱ्या पहिल्या सोळांत त्यांना जागा मिळाली नाही.

या यशामागील तयारी मुख्यत्वे बंगळुरूत, निहार अमीन यांच्या मार्गदर्शनाखाली झाली, आणि कोल्हापूरच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेच्या सांघिक विजेतेपदावर कर्नाटकाने वर्षानुवर्षे राखलेले वर्चस्व हे बारमाही चालणारे तलाव, पूर्णवेळ प्रशिक्षक आणि रोज शेजारच्या मार्गिकेत पोहणारे तुल्यबळ सोबती यांचे फळ आहे. कोल्हापूरच्या मातीत पैलवान घडतो तो जोडीच्या पैलवानाशी रोज झुंजून. जलतरणपटूलाही तशीच जोड लागते, आणि ती मिळवण्यासाठी या शहराच्या सर्वांत वेगवान मुलाला घर सोडावे लागले.

१६ नोव्हेंबर २०१० रोजी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत खाडे यांनी ५० मीटर बटरफ्लायमध्ये, म्हणजे दोन्ही हात एकाच वेळी पाण्यावरून पुढे टाकत पोहण्याच्या प्रकारात, २४.३१ सेकंदांची वेळ देऊन कांस्यपदक मिळवले. १९८६ च्या सोल येथील स्पर्धेत खजान सिंग यांनी २०० मीटर बटरफ्लायमध्ये मिळवलेल्या रौप्यानंतरचे हे भारताचे या स्पर्धेतील पहिले जलतरण पदक होते. २०११ मध्ये खाडे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, राज्य शासनाने त्यांना तहसीलदारपद दिले आणि मालवण येथे त्यांनी ते सांभाळलेही. सरकारी नोकरीने खेळाडूला स्थैर्य मिळते यात शंका नाही. परंतु महसुली कामकाज आणि दिवसातून दोनदा पाण्यात उतरण्याचा सराव एकत्र नांदत नाहीत, आणि ऐन उमेदीची काही वर्षे सरावापासून दूर गेली हे शासनाच्या क्रीडाधोरणाचे अपयश मानले पाहिजे.

अशा खंडानंतर पुनरागमन करणारे जलतरणपटू विरळच. ऑगस्ट २०१८ मध्ये जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत खाडे यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत त्यांची वेळ २२.४७ झाली, जपानच्या शुनिची नाकाओची २२.४६, आणि कांस्यपदक एका शतांश सेकंदाने गेले. या वेगाने पोहणारा माणूस शतांश सेकंदात सुमारे सव्वादोन सेंटिमीटर अंतर कापतो, म्हणजे पन्नास मीटरच्या शर्यतीचा निकाल बोटाच्या एका पेराने लागला. प्राथमिक फेरीतील त्यांची वेळ अंतिम फेरीत पुन्हा लागली असती, तर पदक त्यांचे होते.

याच वर्षी जकार्तातच झालेल्या आशियाई पॅरा स्पर्धेत कोल्हापूरच्या स्वप्नील पाटील यांनी एस-१० या वर्गात पदके मिळवली. शारीरिक अपंगत्व असलेल्या जलतरणपटूंची विभागणी एस-१ पासून एस-१० पर्यंत होते आणि आकडा जितका मोठा तितकी शारीरिक मर्यादा कमी मानली जाते. पाटील यांना २०२२ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि खाडे यांचे यश हा एकाकी योगायोग नव्हता याला त्यामुळे पुष्टी मिळाली.

२०२३ मध्ये गोव्यात भरलेल्या सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पणजीच्या कांपाल तलावात खाडे यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले, त्यांच्या पत्नी ऋजुता खाडे यांनी महिलांच्या त्याच शर्यतीत सुवर्ण मिळवले, आणि त्याच स्पर्धेत वीरधवल यांनी निवृत्ती जाहीर केली. महाराष्ट्र त्या वर्षी २२८ पदकांसह पदकतालिकेत अव्वल होता. ज्या ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्यांनी आशियाई पदक मिळवले, ती शर्यत त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीत ऑलिंपिकमध्ये नव्हतीच. तिचा समावेश २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून होणार आहे.