घोडे कुठे पेंड खाते?

तुर्भ्याच्या दाणाबंदरात कुळथाची गोणी दिसली की मी थांबतो. कोकणात कुळथाची पिठी ताटात येते, घाटावर त्यालाच हुलगा म्हणतात, आणि इंग्रजांनी त्याचे नाव ठेवले ‘हॉर्सग्रॅम’, म्हणजे घोड्याचा हरभरा. मुंबईच्या मस्जिद बंदरचा धान्यबाजार खाडी ओलांडून तुर्भे-वाशीच्या बाजार समितीत आला. त्याच्यासोबत हे कडधान्यही आले, पण घोडा आला नाही. आज इथे कुळीथ विकत घेणाऱ्याला विचारले की हे घोड्यासाठी का, तर तो तुमच्याकडे विचित्र नजरेने पाहील.

आपल्याकडे इतिहास म्हटला की घोडा हवाच. पुतळ्यावर हवा, चौकातल्या फलकावर हवा. तो दोन पायांवर उभा असतो आणि त्याच्या पाठीवर कोणीतरी तलवार उपसलेली असते. त्या घोड्याने सकाळी काय खाल्ले, ते कोणी आणले, कोणी भिजवले, याची मात्र आपण कधी चौकशी करत नाही. माझे म्हणणे असे की दख्खनचा इतिहास नीट कळायचा असेल तर घोड्याच्या पाठीवरून खाली उतरून त्याच्या तोबऱ्यात डोकावले पाहिजे. तिथे आपली, म्हणजे दख्खनी मुसलमानांचीही, बरीच माणसे सापडतात.

सुरुवात तुर्भ्यापासूनच करू. हा सगळा मुलूख जुन्या ठाण्याचा. खाडी, मिठागरे, भातखाचरे आणि मागे पारसिकचा डोंगर. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याबद्दल लिहिले, त्यात एक मजेशीर करार आहे. या राज्यात घोडे नव्हते, म्हणून राजाने समुद्रावरच्या चाच्यांशी संगनमत केले होते. लुटीतला बाकीचा माल चाच्यांचा, घोडे तेवढे राजाचे. सोने सोडून घोडे मागणारा राजा वेडा नव्हता. दमट हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि भाताचा पेंढा यांवर चांगला घोडा पोसत नाही. तो आखातातून गलबतात घालून आणावा लागे.

याच मार्को पोलोने खाली तमिळ किनाऱ्यावरची जी हकीकत दिली आहे, ती मला जास्त अस्वस्थ करते. तिथे दरवर्षी हजारो घोडे उतरत आणि वर्ष सरता सरता बहुतेक मरत. कारण, तो म्हणतो, त्यांना सांभाळायचे कसे हे तिथे कोणाला ठाऊक नव्हते. त्यांना शिजवलेले मांस आणि भात चारत. आणि घोडे विकणारे व्यापारी नालबंदांना तिकडे जाऊच देत नसत. घोडे मेले तरच पुढच्या वर्षी नवे खपणार! मार्को पोलोच्या प्रत्येक वाक्यावर विश्वास ठेवावा असे नाही, पण धंद्याचे हे गणित ओळखीचे वाटते. जनावर विकायचे आणि ते जगवण्याचे ज्ञान मात्र दाबून ठेवायचे.

त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, १४७० च्या आसपास, अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. तो घाट चढून बहमनी राज्यातल्या जुन्नरला गेला आणि पावसाळाभर तिथेच अडकला. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि अट घातली, की मुसलमान हो, तर घोडाही मिळेल आणि वर मोहराही. खुरासानहून आलेल्या मुहंमद नावाच्या एका मुसलमान अधिकाऱ्याने रदबदली करून त्याला त्याचा घोडा आणि धर्म दोन्ही परत मिळवून दिले. हिसकावणारा मुसलमान आणि सोडवणाराही मुसलमान. आपल्या काळातल्या वादांत यांतला एकच निवडून सांगितला जातो, कोणता ते सांगणाऱ्यावर अवलंबून.

पण मला हवे आहे ते निकितिनने जाता जाता टिपलेले. जुन्नरला घोड्यांना वाटाण्यासारखे कडधान्य देतात, साखर आणि तेल घालून शिजवलेली खिचडी देतात, आणि पहाटे तांदळाच्या पिठाचे काही खायला घालतात, असे तो लिहितो. म्हणजे कुठे तमिळ किनाऱ्यावरचा तो मांस-भात आणि कुठे ही खिचडी. दख्खनने दरम्यान काहीतरी शिकले होते.

हे किती योग्य होते? त्यासाठी घोड्याचे पोट समजून घ्यावे लागेल. घोडा गवत खातो, पण गाईसारखा रवंथ करत नाही. त्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने फारच लहान, साधारण आठ ते पंधरा लिटरचे. खरे काम मागच्या मोठ्या आतड्यात चालते. तिथले जिवाणू गवत आंबवतात आणि त्यावर घोडा जगतो. म्हणून त्याला थोडेथोडे, पण दिवसभर चरायला लागते. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा, म्हणजे चारशे किलोच्या घोड्याला रोज सहा ते आठ किलो, ही आजच्या पशुवैद्यांची किमान अपेक्षा. दाणा ही वरची भर, आणि तीही कामाच्या प्रमाणात. एका वेळी फार दाणा घातला तर तो न पचता मागच्या आतड्यात जातो, तिथे आंबट होतो, आणि मग पोटशूळ उठतो किंवा खुरांच्या आत सूज येऊन घोडा कायमचा लंगडतो. त्यात घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेले ते गेले. गव्हाचा कोंडा त्याला आवडतो, पण नुसत्या कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याच्या हाडांतला चुना झिजतो. ‘घोडे कुठे पेंड खाते’ ही म्हण आपण अडचण नेमकी कुठे आहे हे विचारायला वापरतो. घोड्याच्या बाबतीत अडचण खरोखरच बहुतेक वेळा खाण्यात असते.

निकितिनच्या खिचडीत ऊर्जा भरपूर होती. गवताबद्दल तो बोलत नाही, बहुधा ते त्याला सांगण्याजोगे वाटले नसावे. याच्या शंभरेक वर्षांनंतरचा अकबराच्या तबेल्याचा हिशेब मात्र अबुल फज़लने आईन-ए-अकबरीत चोख मांडला आहे. खास घोड्याला रोज साडेसात शेर दाणा. तो शेर तीस दामांचा, म्हणजे आजच्या मापाने सुमारे पावणेपाच किलो. थंडीच्या सहा महिन्यांत दाणा उकडून द्यायचा आणि उकडण्याच्या जळणाचा खर्चसुद्धा वेगळा मंजूर, मणाला एक दाम. पीठ, साखर, हिवाळ्यात अर्धा शेर तूप. साखरेऐवजी गूळ दिला तर तूप बंद. आठवड्यातून एकदा पाव शेर मीठ. एका घोड्याच्या चाऱ्याला तीन बिघे जमीन धरायची.

यातली एक नोंद वाचून मी थबकलो. हिरव्या गवताचा हंगाम आला की पहिले तीन दिवस दाणा पूर्ण बंद ठेवायचा, मग सहा शेरांपासून पुन्हा सुरू करायचा. आजचा कोणताही पशुवैद्य सांगेल की घोड्याचा आहार एकदम बदलू नका, आतड्यातल्या जिवाणूंना जुळवून घ्यायला वेळ द्या. त्या मोतद्दारांना जिवाणू ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांना घोडा ठाऊक होता.

हे ज्ञान आले कुठून? पागेतले शब्द ऐका. पागा, लगाम, खोगीर, तोबरा, नाल हे सारे फारसी-अरबीतून आलेले. घोड्याच्या वैद्याचा शब्द मात्र सलोत्री, आणि तो शालिहोत्र या संस्कृत अश्ववैद्यकाच्या आचार्यावरून आला. बहमनी सुलतान अहमदशाह वलीच्या काळात (१४२२ ते १४३६) अब्दुल्ला बिन सफी याने शालिहोत्राचे फारसी भाषांतर केले. पुढे शाहजहानच्या काळातही अशी भाषांतरे झाली. म्हणजे अरबी घोडा, फारसी लगाम आणि संस्कृत वैद्यक, आणि हे तिन्ही एकाच तबेल्यात. याला कोणी ‘गंगाजमनी’ म्हणून कार्यक्रम केला नाही, घोडा जगवायचा होता एवढेच. १७९५ मध्ये उर्दू शायर सआदत यार खान रंगीन यानेही एक फरसनामा लिहिला. रंगीन आज रेख्तीसाठी ओळखला जातो, पण घोड्यांची पारख आणि त्यांचे आजार यांवर त्याने केलेले काम इतके उपयोगी होते की १९११ मध्ये फिलॉट या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने त्याचे भाषांतर केले.

आता शिवकाळाकडे येतो. शिवाजी महाराजांच्या सैन्यात मुसलमान किती होते, यावर आपल्याकडे सरदारांच्या याद्या निघतात. समोरून दुसरी यादी येते. मला या याद्यांचा कंटाळा आला आहे. सभासदाच्या बखरीत पागेची रचना दिली आहे, ती वाचा. पंचवीस घोड्यांमागे एक पखाली आणि एक नालबंद. पखालीतून पाणी वाहणारा आणि घोड्याच्या पायाला नाल ठोकणारा, ही दोन्ही कामे आपल्याकडे बहुतांश कोणत्या घरांत होती हे आडनावे सांगतात. याद्यांत त्यांची नावे येणार नाहीत. पण ते नसते तर पंचविसांतला एकही घोडा दसऱ्याला मोहिमेवर निघाला नसता. पावसाळ्यात लष्कर छावणीला परतण्याआधी दाणा, औषधे आणि गवताने शाकारलेल्या पागा तयार असाव्यात, हा दंडकही याच बखरीत आहे.

आणि मग ते चिपळूणचे पत्र. राज्याभिषेकाच्या तोंडावर महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले हे पत्र रयतेला त्रास देऊ नका असे शिकवले जाते. शिकवणे चूक नाही, पण पत्राचा कणा वेगळा आहे. पत्र घोड्यांच्या चंदी-वैरणीबद्दल आहे. पावसाळ्यासाठी ठेवलेला साठा आधीच बराच खर्च झाला होता. कारकुनांनी खटपट करून जो दाणा आणि गवत जमवले, ते आता मन मानेल तसे उधळाल तर ऐन पावसात संपेल, घोडी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे महाराज बजावतात. साठा संपला की तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, दाणे, भाकरी, गवत, लाकूड उचलाल. तो गाव सोडेल, आणि म्हणेल की तुमच्यापेक्षा मोगल बरे. पुढे आगीची काळजी. चुली, चिलमी, रात्री जळता ठेवलेला दिवा आणि त्याची वात ओढून नेणारा उंदीर. गवताच्या गंजीला आग लागली तर कोणाला कितीही शिक्षा केली तरी काडी मिळणार नाही.

उंदरापर्यंत विचार पोचलेला राजा! पत्रातला तर्क सरळ आहे. भुकेला घोडा आणि लुटलेला कुणबी यांच्यात फक्त एक रिकामे कोठार असते. रयतेशी बरे वागा हा उपदेश कोणीही करतो. रयतेशी बरे वागता येण्यासाठी आधी चंदी मोजून वाटावी लागते, हे ज्याने पागा चालवली आहे त्यालाच सुचते. उलट बाजूने पाहायचे तर पानिपत आहे. अब्दालीने रसद तोडल्यावर माणसांबरोबर घोडे उपाशी राहिले आणि १४ जानेवारी १७६१ ला लढाईला उभे राहिले ते अशक्त जनावरांवर. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आपल्याला आठवतात. त्या सकाळी घोड्यांच्या तोबऱ्यात काय होते, ते कोणी विचारत नाही.

आज नालबंद, पखाली, चाबुकस्वार ही आडनावे शाळेच्या हजेरीपटात आहेत. ती मुले संगणक शिकतात, शिकावेच. मुंबईच्या व्हिक्टोरिया २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. तिथल्या घोड्यांची अवस्था पाहिलेल्या कोणालाही तो निर्णय अन्यायाचा वाटणार नाही, जरी गाडीवाल्यांच्या घरांत चूल त्यावरच पेटत होती. तुर्भ्याहून जवळ म्हणावे असे घोडे आता माथेरानला. तिथे मोटारी नाहीत, म्हणून घोडे उरले आहेत.

मागच्या हिवाळ्यात तिथल्या एका वयस्क घोडेवाल्या चाचांशी गप्पा मारताना मी चंदीचे विचारले. त्यांनी हिशेब तोंडपाठ सांगितला. हरभरा रात्री भिजत घालायचा, आधी गवत मग दाणा, चढ चढून आलेल्या घामेजल्या घोड्याला लगेच दाण्यावर बांधायचे नाही, सुट्टीच्या दिवशी दाणा निम्मा. हे कोणी शिकवले म्हटल्यावर म्हणाले, “अब्बांनी. त्यांना त्यांच्या अब्बांनी.” मी आईन-ए-अकबरीतला तीन दिवसांचा नियम सांगितला, तर ते म्हणाले, “मग? पहिल्या पावसाचं कोवळं गवत फुटलं की आम्हीपण दाणा तोडतोच.” आणि बोलता बोलता एका पर्यटकाच्या मुलाने पुढे केलेले क्रीमचे बिस्किट त्यांनी घोड्याच्या तोंडापाशी पोचण्याआधीच काढून घेतले. मूल रडू लागले. चाचांनी त्याच्या हातात गवताची पेंडी दिली.