करप्याच्या नावावर खपणारा जिवाणू

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर आंब्याच्या पानावर काळा डाग दिसला की सर्रास म्हटले जाते, करपा, म्हणजे बुरशीचा रोग. मग पंप निघतो आणि कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक पडते. तो डाग जिवाणूचाही असू शकतो; पण त्या जिवाणूच्या जीनोमवाचनाबद्दलही मत तयारच असते: त्याने बागायतदाराच्या हाती काय लागणार?

पहिल्या समजाचे खंडन पानच करते. जिवाणूचा डाग शिरांशी अडतो, म्हणून कोनदार दिसतो. कडेला बहुधा पिवळी झाक असते. फळावर चांदणीसारखी भेग पडून चीक गळतो. कार्बेन्डाझिम बुरशीतल्या ट्यूब्युलिन या प्रथिनाला धरते. जिवाणूत ते नसते, मग औषध धरणार कशाला? पटेल, मोनिझ आणि कुलकर्णी यांनी या जिवाणूचे वर्णन 1948 मध्येच केले होते. फवारणीच्या सवयीला मात्र त्याची खबर नाही.

आता दुसरा आक्षेप. चंडीगडच्या इम्टेक या सूक्ष्मजीव संशोधन संस्थेतील संशोधकांनी 2012 मध्ये या जिवाणूचा, म्हणजे आंब्यावरच्या झँथोमोनासचा, सुमारे 51 लाख अक्षरांचा जीनोम प्रसिद्ध केला. त्यातून औषध निघाले नाही, हे खरेच. पण जीनोमवाचन निदानाच्या कामाचे, आणि निदानाकडे औषध मागणे हीच मुळात गफलत आहे. कागदी लिंबावर खैऱ्या आणणारा जिवाणू याचा सख्खा भाऊबंद. 2009 पासून दोघेही झँथोमोनास सिट्री या एकाच जातीत मोडतात. खैऱ्याच्या जिवाणूत तांबे पचवणारी जनुके अर्जेंटिनात आणि रियुनियन बेटावर सापडली आहेत, आणि ती एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतात. ती आपल्या बागेत आली असतील तर तांब्यावर चालणाऱ्या बोर्डो मिश्रणाचा खर्च पाण्यात. ही जनुके ठाऊक असल्यामुळेच त्यांची तपासणी साध्या पीसीआरवर होते.

तक्रार करायचीच तर वेगळी करावी. वाचलेला वाण जुना, संग्रहातला, वाचनही कच्चे. झँथोमोनासमधील काही जनुकांत साधारण 102 अक्षरांचा तोच तुकडा पुन:पुन्हा येतो आणि आखूड वाचनात नेमका तिथेच घोळ होतो. रायगडच्या बागांतले आजचे नमुने लांब वाचनाने वाचायला हवेत. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने या किनाऱ्यावरच्या बागा झोडपल्या. वाऱ्या-पावसाच्या जखमांतून हा जिवाणू आत शिरतो हे एक; पण पडलेली बाग उभी करायला कलमे लागतात, आणि तो कलमांबरोबरही फिरतो. मुरूडच्या आणि पेणच्या बागेतला जिवाणू जवळपास अक्षरन् अक्षर एकच निघाला, तर पावसाच्या शिंतोड्यांची एवढी लांब उडी नसते. चौकशी रोपवाटिकेत करावी लागेल.