भीमेचं पाणी, मुंबईची वीज

वाळकी आणि रांजणगाव सांडस यांच्यामध्ये मुळा-मुठा भीमेला मिळते. एका काठाला आपला दौंड, दुसऱ्या काठाला शिरूर. हल्ली ‘हरित ऊर्जा’ हा शब्द रोज कानावर पडतो. म्हणून या संगमापर्यंत कधी पोचतच नाही त्या पाण्याचा इतिहास आज मांडतो.

सह्याद्रीच्या माथ्यावरचा हा पाऊस मुळात पूर्वेला, आपल्याकडे वाहणारा. टाटांनी तो धरणांत अडवला आणि बोगद्यांतून, नळांतून कोकणात उतरवला. खोपोलीचं वीजघर 1915 साली सुरू झालं, भिवपुरीचं 1922 ला, भिऱ्याचं 1927 ला. लोणावळ्याची तळी आणि ठोकरवाडी इंद्रायणीच्या खोऱ्यातली, मुळशी धरण मुळेवरचं. म्हणजे सगळं भीमेचंच पाणी. त्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या, कोळसा वाचला. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण किंमत मावळानं मोजली. 1921 च्या रामनवमीला मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांसह लोक तुरुंगात गेले, तरी गावं बुडालीच. तो लढा जमिनीचा होता. खालच्या अंगाच्या पाण्याचा प्रश्न मात्र अजून दर दुष्काळात डोकं वर काढतो.

आता इंजिनिअरचा हिशेब बघा. मुळशीपासून आपल्या संगमापर्यंत नदीला शंभर मीटरही उतार नाही. पश्चिमेला मात्र काही किलोमीटरांत सुमारे 500 मीटरचा कडा. तिथून 1000 लिटर पाणी सोडलं की एक युनिटपेक्षा थोडी जास्त वीज मिळते. शंभर वर्षांपूर्वी हा सौदा फायद्याचा वाटला, यात नवल नाही.

आज एक किलोवॅटचं सोलर पॅनल दिवसाला साधारण चार युनिट देतं. म्हणजे वीज दुसरीकडून मिळते, पण पाणी कुठल्याच पॅनलमधून निघत नाही. आणि वर्षाला पश्चिमेला वळवलेलं पाणी सुमारे 42 टीएमसी आहे! खडकवासला साखळीतली चारही धरणं भरली तरी 29 टीएमसीच होतात.

सोलरची अडचण संध्याकाळची. तिथे जलविद्युत लागणारच, हे मान्य. पण दिवसा सोलरच्या विजेनं पाणी परत वर चढवायचं आणि संध्याकाळी तेच पुन्हा खाली सोडायचं, हे तंत्र जुनं आहे. भिऱ्याला 150 मेगावॅटचा असा संच 1990 च्या दशकापासून आहे. चढवायला वीज थोडी जास्त लागते, पण पाणी खोऱ्यात राहतं.

भिऱ्याचं पाणी पुढे कुंडलिकेत जातं, रोह्याकडची गावं आणि कारखाने त्यावर आहेत. त्यांच्या तोंडचं काढून घ्या, असं माझं म्हणणं नाही. त्यांचा वाटा ठेवूनच हिशेब करा.

मत मागायला येतील त्यांना एवढंच विचारा: या 42 टीएमसीपैकी किती पाणी वीज करून परत वर चढवता येईल?